मुलीला महाविद्यालयाच्या वसतिगृहात ठेवावे की बाहेर फ्लॅट घेऊन द्यावा? (सोलापूर)

सीनाकाठ

नमस्कार. आम्ही करमाळा तालुक्यातील शेतकरी कुटुंब आहोत. माझ्या मुलीला यंदा कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली असून येत्या पंधरा दिवसांत वर्ग सुरू होतील. शासनाच्या २०२४ च्या निर्णयामुळे तिचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होत आहे, हा आम्हाला मोठा आधार आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र त्या माफीत येत नाही, आणि घरात सध्या रोज बोलणे होते ते त्याविषयीच.

आमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे महाविद्यालयाच्या आवारातील मुलींचे वसतिगृह. तेथे एका खोलीत चार मुली राहतात, वर्षाचे शुल्क ४८,००० रुपये आहे, मेसचे दरमहा २,८०० रुपये वेगळे द्यावे लागतात आणि संध्याकाळी साडेसातनंतर आवाराबाहेर जाता येत नाही. दुसरा मार्ग असा, की तिच्या बारावीच्या वर्गातील दोन मैत्रिणींनी जुळे सोलापूर या भागात वन बीएचके फ्लॅट पाहिला आहे. त्याचे भाडे ७,५०० रुपये आणि डिपॉझिट २५,००० रुपये असून त्या तिसरी मुलगी शोधत आहेत. महाविद्यालय अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे तेथून रोज शहर ओलांडून यावे लागेल.

मुलीचा ओढा फ्लॅटकडे आहे. तिला रात्री उशिरापर्यंत अभ्यास करण्याची सवय आहे आणि चार जणींच्या खोलीत आपल्या दिव्याचा इतरांना त्रास होईल, अशी तिला काळजी वाटते. तिचे हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण याच सवयीवर तिने गुण मिळवले आहेत. तिच्या आईचा मात्र फ्लॅटला ठाम विरोध आहे. मी स्वतः शिक्षणासाठी कधी घराबाहेर राहिलेलो नाही, त्यामुळे दोघींपैकी कोणाचे बरोबर आहे हे मला खात्रीने सांगता येत नाही. शनिवारी आम्ही जेऊरहून रेल्वेने सोलापूरला येणार आहोत. दोन्ही जागा पाहताना काय तपासावे आणि कोणते प्रश्न विचारावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बार्शीचा विद्यार्थी

काका, मी यंत्र शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिले वर्ष वसतिगृहात काढले आणि त्यानंतर मित्रांसोबत खोली घेऊन राहत आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकतो.

आधी पैशांचे बोलतो. ७,५०० रुपये भाडे तिघांत वाटले की माणशी २,५०० रुपये येतात आणि वसतिगृहापेक्षा खोली पुष्कळ स्वस्त वाटते. मलाही तसेच वाटले होते. दुसऱ्या वर्षी मी खर्चाची वही ठेवली होती, तिच्यातील आकडे देतो. अकरा महिन्यांचे भाडे २७,५०० रुपये झाले, कारण सुट्टीत गावी गेलो तरी भाडे थांबत नाही. विजेचा माझा वाटा ४,४०० रुपये होता. डबा दरमहा २,६०० रुपयांचा असल्याने दहा महिन्यांचे २६,००० रुपये गेले. कॉलेजला जाण्या-येण्याच्या रिक्षाला सुमारे ६,००० रुपये, इंटरनेटला २,२०० रुपये आणि पिण्याच्या पाण्याचे जार व उन्हाळ्यात मागवलेले टँकर यांना २,५०० रुपये लागले. गादी, बादल्या, शेगडी आणि कूलरमधील वाटा असे सुरुवातीचे ६,००० रुपये निराळे. एकूण ७४,६०० रुपये. आपण दिलेल्या आकड्यांवरून वसतिगृह आणि दहा महिन्यांची मेस मिळून ७६,००० रुपये होतात. फरक १,४०० रुपयांचा आहे. पुढच्या वर्षी सामान पुन्हा घ्यावे लागत नाही, तेव्हा खोली थोडी अधिक स्वस्त पडते, हेही खरे आहे.

एक गोष्ट या हिशेबात धरलेली नाही. आमचा तिसरा जोडीदार जानेवारीत घरच्या अडचणीमुळे गावी परतला. उरलेले पाच महिने आम्ही दोघांनी प्रत्येकी ३,७५० रुपये भाडे भरले, म्हणजे माझे ६,२५० रुपये जादा गेले. वर्षाच्या मध्यात नवा जोडीदार मिळत नाही, हे तेव्हा कळले.

आता पाण्याचे. बाहेरगावच्या माणसाच्या हे लवकर लक्षात येत नाही, पण सोलापुरात खोली पाहताना भाड्याच्याही आधी पाणी विचारावे लागते. शहराचे बरेचसे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येते आणि महापालिकेचा नळ रोज सुटत नाही. अनेक भागांत तीन-चार दिवसांच्या अंतराने, तर कधी पाचव्या दिवशी पाणी येते, आणि येण्याची वेळही सगळीकडे सोयीची नसते. आमच्या पहिल्या खोलीला स्वतंत्र टाकी नव्हती. पाण्याच्या दिवशी तिघांपैकी एकाला घरी थांबून पिंपे भरावी लागत आणि त्याची प्रॅक्टिकल्स बुडत. दुसऱ्या खोलीत बोअर आहे, त्यामुळे वापराच्या पाण्याची चिंता मिटली, पण ते पाणी पिण्याजोगे नाही. म्हणून फ्लॅट पाहताना महापालिकेच्या पाण्याची जमिनीखालची टाकी किती मोठी आहे, मोटार कोण चालू करते आणि टँकर मागवल्यास पैसे कोण देते, हे तीन प्रश्न मालकाला विचारा. नंतर त्याच जिन्यावरील एखाद्या भाडेकरूला हेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर पुढे बोला.

सर्वांत वरच्या मजल्यावरील खोली शक्यतो घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि नेमक्या त्याच काळात सत्र परीक्षा जवळ आलेल्या असतात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. येथील हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम चालतो, पण त्यालाही पाणी लागते, आणि ते आणायचे कुठून हा प्रश्न फिरून तेथेच येतो.

महाविद्यालयाच्या जवळ म्हणून कोणी पूर्व भागात खोली सुचवली, तर तेथे एकदा रात्री जाऊन यावे. मी त्या भागात सहा महिने राहिलो. आमच्या घरमालकीणबाई तेलुगू बोलणाऱ्या होत्या आणि सणाला आम्हाला आवर्जून ताट वाढून देत, त्यांची माया मी विसरणार नाही. परंतु शेजारच्या घरात यंत्रमाग होते आणि त्यांची खडखड रात्रपाळीतही चालू असे. तेथे वाढलेल्या माणसांना त्या आवाजात शांत झोप लागते. मला अखेरपर्यंत लागली नाही.

माझे मत विचाराल, तर पहिले वर्ष वसतिगृहातच काढावे.

होटगी रोड

मी संगणक शाखेच्या अंतिम वर्षाला आहे आणि गेली तीन वर्षे दोन मैत्रिणींसह फ्लॅटमध्ये राहते. आपल्या मुलीच्या बाजूने कोणीतरी बोलावे, म्हणून लिहीत आहे.

वसतिगृहातील माझे पहिले वर्ष चांगले गेले नाही. आमच्या खोलीत रात्री साडेदहाला दिवा बंद करण्याचा नियम होता, अभ्यासिका नावापुरती होती आणि प्रोजेक्टसाठी सलग चार तास शांतता अशी कधी मिळालीच नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर माझा अभ्यास सुधारला, हे मी गुणपत्रिका पाहून म्हणते. स्वतःचे वेळापत्रक स्वतः आखणे, महिन्याचे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवणे, गॅस संपण्याच्या आधी लक्षात ठेवणे या गोष्टी मी तेथेच शिकले. त्यामुळे फ्लॅटला विरोध करताना मुलीवरील विश्वासाचा प्रश्न त्यात येऊ देऊ नये, अशी आपल्याला आणि काकूंना विनंती आहे.

मात्र आमच्या फ्लॅटच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. घरमालक पती-पत्नी खालच्याच मजल्यावर राहतात आणि महाविद्यालय पायी बारा मिनिटांवर आहे. आपण पाहिलेल्या जागेत दुसरी गोष्ट नाही. जुळे सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला जायचे तर बहुधा सात रस्ता चौकात रिक्षा बदलावी लागेल, आणि सिटी बसच्या भरवशावर सकाळचे पहिले लेक्चर गाठता येत नाही. पहिल्या वर्षी वर्कशॉप आणि प्रॅक्टिकल्समुळे सुटायला साडेपाच होतात. हिवाळ्यात घरी पोहोचेपर्यंत अंधार पडतो, आणि त्यानंतर डबा, कपडे, पाणी ही कामे असतात. मग ज्या रात्रीच्या अभ्यासासाठी फ्लॅट घ्यायचा, तो अभ्यास होणार कधी? फ्लॅटची कल्पना वाईट नाही, पण हा फ्लॅट तिच्यासाठी योग्य आहे असे मला वाटत नाही.

निवृत्त गृहपाल

मी मुलींच्या वसतिगृहांमध्ये गृहपाल म्हणून बावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला असेल हे उघड आहे. तरीही वरील मुलीने लिहिलेले मी नाकारत नाही. दिवे बंद करण्याचा नियम अनेक ठिकाणी विचार न करता लावला जातो, आणि चांगली अभ्यासिका नसलेल्या वसतिगृहात अभ्यासू मुलीची खरोखर घुसमट होते. म्हणून शनिवारी पहिला प्रश्न तोच विचारा: अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते आणि तेथे पंख्याचा वारा पुरतो की नाही. उत्तर ऐकून थांबू नका, आत जाऊन पाहा. टेबलांवर धूळ असेल तर ती अभ्यासिका वापरात नाही, एवढे समजावे.

बहुतेक पालक वसतिगृह दुपारी बारा वाजता पाहतात, तेव्हा मुली वर्गात असतात आणि फरशा नुकत्याच पुसलेल्या असतात. आपण शक्य असेल तर मुक्काम करा आणि रात्री आठ वाजता, जेवणाच्या वेळी जा. गृहपालांची परवानगी घेऊन मुलीने आणि तिच्या आईने मेसमध्ये पैसे भरून जेवावे. आमटीला चव आहे का, हे तर पाहावेच, परंतु शेवटी आलेल्या मुलीला भाजी उरते का, याकडे अधिक लक्ष द्यावे. आपल्या भागातील मुली ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या असतात आणि मेसमध्ये दोन्ही वेळा चपाती असते. पहिल्या महिन्यात पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहिल्या आहेत. घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यावी, ती आठ-दहा दिवस सहज टिकते आणि खोलीतील ओळखीही तिच्यामुळे लवकर होतात.

पहिल्या वर्षाच्या मुलींना वेगळ्या विंगमध्ये ठेवतात का, हे विचारायला संकोच करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत नव्या विद्यार्थ्यांची राहण्याची व्यवस्था शक्यतो वेगळी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे. प्रवेशाच्या वेळी आपल्याकडून आणि मुलीकडून रॅगिंगविषयीचे हमीपत्र भरून घेतील. त्यावर केवळ सही करून मोकळे होऊ नका, ते तिला वाचायला लावा. आयोगाचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ तिच्या मोबाईलमध्ये आणि आपल्याही मोबाईलमध्ये असू द्या.

ज्या कारणासाठी मी पहिल्या वर्षी वसतिगृहाचा आग्रह धरते, ते आता सांगते. एका पावसाळ्यात रात्री दोन वाजता मंगळवेढ्याकडील एका मुलीचा ताप एकशे चारवर गेला. तिच्या खोलीतील मुलगी मला उठवायला आली, पहारेकऱ्याने गाडी काढली आणि अर्ध्या तासात आम्ही तिला शहरातील शासकीय सर्वोपचार रुग्णालयात पोहोचवले. तिचे वडील पहाटेच्या एसटीने आले, तोपर्यंत सलाईन चालू होते. त्याच वर्षी बाहेर खोली घेऊन राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीला असाच ताप आला. तिच्या दोघी जोडीदारणी गावी गेल्या होत्या आणि दोन दिवस ती एकटी पडून होती. तिसऱ्या दिवशी डबा देणाऱ्या बाईंनी कालचा डबा दाराशी तसाच पाहून शेजाऱ्यांना बोलावले. ती मुलगी बरी झाली, पण ते दोन दिवस आठवले की मला आजही अस्वस्थ वाटते. अठरा वर्षांची मुलगी हुशार असते, जबाबदारही असते, पण आपला ताप अंगावर काढण्यासारखा आहे की नाही, हे अनेकदा तिला कळत नाही.

आणखी एक अनुभव सांगते. जिवलग मैत्रिणी म्हणून एकत्र राहायला गेलेल्या मुली भांडी कोणी घासायची आणि पाणी कोणी भरायचे, यावरून सहा महिन्यांत एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. वसतिगृहात अनोळखी मुलींशी जुळवून घेताना त्रास होतो, परंतु तेथे न पटल्यास खोली बदलून मागता येते. फ्लॅटमध्ये करार आणि डिपॉझिट दोघींना बांधून ठेवतात.

विजापूर रोड

माझे जुळे सोलापूर परिसरात दोन फ्लॅट असून ते मी अनेक वर्षांपासून विद्यार्थ्यांना देतो. पुढेमागे फ्लॅट घेण्याची वेळ आलीच, तर घरमालकाच्या बाजूने काही गोष्टी सांगून ठेवतो.

आपली मुलगी अठरा वर्षांची पूर्ण झाली आहे का? बारावीनंतर लगेच आलेली अनेक मुले सतरा वर्षांची असतात. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे तिच्या वतीने आपल्यालाच सही करावी लागेल. मैत्रिणींच्या नावावर करार आणि आपली मुलगी नुसती ‘सोबत राहणारी’, अशी व्यवस्था मुळीच मान्य करू नका. डिपॉझिट परत मागताना तिचे नावच कोठे सापडणार नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाईन नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते, त्यात डिपॉझिटवरील व्याजाचा थोडा हिशेब मिळवला जातो, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. एवढ्या रकमेसाठी जो मालक साध्या कागदावर भागवू पाहतो, त्याच्याकडे २५,००० रुपये डिपॉझिट ठेवू नये. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, हेही विचारावे.

पंख्यांपासून नळांपर्यंत सगळ्याचे फोटो पहिल्या दिवशी काढून मालकाला पाठवावेत. वीजमीटरचे रीडिंगही त्यात असावे. सोडताना होणारे नव्वद टक्के वाद त्याने टळतात, हे मी दोन्ही बाजूंच्या भल्यासाठी सांगतो.

पंढरपूर रस्ता

फक्त एका मुद्द्यापुरते लिहितो. राहण्याच्या खर्चासाठी शासनाच्या योजना आहेत आणि ग्रामीण पालक त्यांच्याकडे उशिरा वळतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना असून तिचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे, आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपण ज्या गटात बसत असाल, त्याचे दाखले आत्ताच काढून ठेवा. वसतिगृहात राहिल्यास तेथील प्रमाणपत्र सहज मिळते. बाहेर राहिल्यास भाडेकरार दाखवावा लागतो, आणि तो नोंदवलेला नसेल तर येथेही अडते.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही शनिवारी येऊन दोन्ही जागा पाहिल्या.

जुळे सोलापुरातील फ्लॅट स्वच्छ आहे, मालकही सज्जन वाटले. पण तो तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. टँकरचा खर्च भाडेकरूंनी द्यायचा, असे मालक म्हणाले. खालच्या मजल्यावरील भाडेकरूने गेल्या मे महिन्यात पाच टँकर मागवल्याचे सांगितले, ती गोष्ट मालकांनी सांगितली नव्हती. तेथून महाविद्यालयापर्यंत आम्ही मुद्दाम शेअर रिक्षाने गेलो. बदलाबदली धरून पाऊण तास लागला, आणि त्यानंतर मुलगीच म्हणाली की रोज हे जमणार नाही.

रात्री आठला वसतिगृहाच्या मेसमध्ये दोघी जेवल्या. जेवण साधे होते, पण शेवटच्या मुलीपर्यंत पुरले. अभ्यासिका बारा वाजेपर्यंत उघडी असते आणि त्या वेळी तेथे अकरा मुली अभ्यास करत बसल्या होत्या, हे मुलीने स्वतः मोजले. तिची एक अट आम्ही मान्य केली आहे: एका वर्षानंतर तिला महाविद्यालयाजवळ, मालकांच्या शेजारी असा फ्लॅट सापडला, तर आम्ही आडकाठी करणार नाही. मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत, त्यामुळे वर्षानंतर करारावर सहीही तिची तिला करता येईल. शुल्क दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळाली असून पहिला हप्ता भरून आलो.

आता एकच विचारायचे राहिले. खोलीत दोन पंखे आहेत, कूलर नाही. मार्चनंतर आपला कूलर नेऊन ठेवता येतो का?

निवृत्त गृहपाल

बहुतेक वसतिगृहांत खोलीत स्वतःचा कूलर लावू देत नाहीत, कारण जुन्या वायरिंगवर भार येतो आणि पाणीही पुरत नाही. काही ठिकाणी चार मुलींनी मिळून लेखी अर्ज केल्यास एका खोलीला एक लहान कूलर मंजूर होतो आणि त्याचे वीजशुल्क वेगळे घेतात. हा अर्ज फेब्रुवारीतच द्यायला सांगा, मार्च उजाडला की सगळ्याच खोल्यांचे अर्ज एकदम येतात. मंजूर झाला नाही, तर तिला खिडकीला ओल्या वाळ्याचा पडदा लावायला द्या. आणि खोली देताना तळमजला किंवा पहिला मजला मिळावा, असे आजच फोन करून सांगून ठेवा. खोल्यांचे वाटप अजून झालेले नसेल.